गाडी थांबते तिथं उतरा

मुंबईहून नाशिककडं रेल्वेनं जाणाऱ्या माणसाला इगतपुरी माहीत असते ती खिडकीतून. गाडी थांबते, वडेवाला आरोळी देत जातो, कुणीतरी पाण्याची बाटली भरायला उतरतं. गाडी इथं का थांबली, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. प्रत्यक्ष गावात उतरणारे दोनच प्रकारचे: एक इथं राहणारे, दुसरे धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौनात बसायला आलेले. तिसरा एक प्रकार पावसाळ्यात मोटारीनं येतो, धबधब्याखाली भिजतो, मक्याचं कणीस खातो आणि अंधाराच्या आत घरी पोचतो. त्यानं इगतपुरी पाहिली असं मी धरत नाही.

मी पहिल्या प्रकारातली. वडील रेल्वेत, घाटातल्या बँकर इंजिनावर होते. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. पाहुणे आले की हल्ली मी त्यांच्या हातात एक कागद ठेवते. त्यावर हातानं काढलेला नकाशा, पाच थांबे आणि प्रत्येक थांब्यावर काय बघायचं त्याच्या दोन-तीन ओळी. सोबत मात्र जात नाही. माझे गुडघे हे एक कारण. दुसरं असं, की माहिती सांगणारा शेजारी असला की माणूस गावाऐवजी त्याच्याच तोंडाकडं बघत राहतो. एकट्यानं हिंडताना चार ठिकाणी थांबावं लागतं, दोघांना विचारावं लागतं, आणि मग पाहिलेलं लक्षात राहतं.

ही रीत मी डेल्फ्टमध्ये पाहिली. माझी भाची नेदरलँड्समधल्या त्या गावात शिकायला होती. जुनं डेल्फ्ट दोन-तीन तासांत पायी संपतं. हातात नकाशा घ्यायचा आणि निघायचं. नव्या चर्चचा मनोरा १०८ मीटरहून उंच. जुन्या चर्चचा मनोरा डोळ्यांना कळेल इतका कललेला, आणि त्याच चर्चमध्ये चित्रकार व्हर्मीरचं दफन झालेलं. थोडं पुढं प्रिन्सेनहोफ. डच बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याला १५८४ मध्ये तिथं गोळ्या घालून मारलं, त्या गोळ्यांची भोकं भिंतीत जपून ठेवली आहेत. शेजारच्या लायडनमध्ये तर १९९२ पासून घरांच्या भिंतींवर जगभरच्या भाषांतल्या कविता रंगवल्या आहेत, शंभरहून जास्त. वाचत वाचत शहर पार करायचं.

मला मात्र चर्चपेक्षा कालवे जास्त बोलके वाटले. तो देश सपाट, बराचसा भाग समुद्रसपाटीच्याही खाली. आधी पाणी काढून द्यायचं आणि मग घर बांधायचं, हा तिथला क्रम. रस्ते तसेच का, घरं अरुंद आणि उंच का, बाजार तिथंच का, हे सगळं पाण्याच्या हिशेबानं उलगडत जातं. एक कारण हाती लागलं की गाव वाचता येतं. घरी परतल्यावर मी इगतपुरीचं कारण शोधायला लागले, आणि ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ते कारण म्हणजे उतार.

इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, घाटाखालचं कसारा त्याच्या साधारण निम्म्यावर. दोन स्थानकांमधलं रेल्वेचं अंतर जेमतेम १५ किलोमीटर. सह्याद्रीची भिंत या एवढ्याशा पट्ट्यात चढायची आहे. हाच थळ घाट, लोकांच्या बोलण्यातला कसारा घाट. इगतपुरीत जे जे बघण्यासारखं आहे ते या चढणीमुळं इथं आलं: इंजिनं, बंगले, बाजार, देवी, पाऊस. तेव्हा पाचही थांब्यांवर एकच प्रश्न विचारायचा: हे इथंच का?

पहिला थांबा: फलाट

स्थानकाबाहेर पडायची घाई करू नका. अर्धा तास फलाटावरच्या बाकावर बसा आणि गाड्या बघा.

मुंबईकडून आलेल्या गाडीचा शेवटचा डबा येईल तिथं उभे राहा. डब्याला मागून इंजिनं लागलेली दिसतील, बहुधा दोन किंवा तीन. हे बँकर. कसाऱ्याला ते गाडीच्या मागं जोडतात, घाटभर ते गाडी ढकलत आणतात आणि इगतपुरीला सुटे होतात. मग परत कसाऱ्याला, पुढच्या गाडीसाठी. कारण घाटातला सर्वांत कडक चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. भारतातल्या ब्रॉडगेज मार्गांवर प्रवासी गाड्या चढतात त्या सर्वांत तीव्र चढांपैकी हा एक. पुढचं एकटं इंजिन गाडी ओढू लागलं तर डब्यांमधल्या जोडण्यांवरचा ताण वाढतो. मागून रेटा मिळाला की तो भार वाटला जातो, आणि गाडी मागं घसरण्याचा धोकाही टळतो.

याला आता अपवाद निर्माण झाले आहेत. मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी २०१९ मध्ये सुरू झाली, ती पुढं एक आणि मागं एक इंजिन घेऊनच धावते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या शिर्डीच्या वंदे भारतला बँकर लागतच नाही. तिच्या मोटारी डब्यांखाली विभागलेल्या आहेत, त्यामुळं सगळी गाडीच थोडी थोडी ओढते.

उलट दिशेच्या, म्हणजे घाट उतरणाऱ्या गाडीचं थांबणं वेगळ्या कारणासाठी असतं. खाली निघण्याआधी ब्रेक तपासतात. वडील म्हणायचे, घाट चढवायला ताकद लागते, उतरवायला डोकं. चढताना काही बिघडलं तर गाडी उभी राहते. उतरताना बिघडलं तर ती उभी राहत नाही, हाच प्रश्न. त्यासाठी घाटात कॅच सायडिंग ठेवलेली असतात. ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूच्या चढणीच्या रुळावर घ्यायची, म्हणजे चढणच तिला थांबवते.

आता रुळांवरच्या तारांकडं बघा. विजेची गाडी घाटातून इगतपुरीपर्यंत १९३० च्या सुमारास आली, १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. पुढं भुसावळकडं मात्र वाफेचीच इंजिनं चालत राहिली. त्या बाजूला वीज आली ती साठच्या दशकाच्या अखेरीस, आणि तीही वेगळी, २५ हजार व्होल्टची एसी. त्यामुळं कित्येक वर्षं इथं बहुतेक गाड्यांचं इंजिन बदलायचं. मुंबईचं इंजिन इथवर, पुढचं इंजिन इथून. इंजिन बदललं की माणसंही बदलत. ड्रायव्हर-गार्डांच्या रनिंग रूममध्ये चोवीस तास कुणी ना कुणी झोपलेलं असे, आणि कॉलबॉय रात्री-अपरात्री दारावर थाप मारून ड्यूटीवाल्याला उठवून जाई. पुढं दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात घाटातली डीसी वीजही गेली. थांबण्याचा वेळ कमी झाला, माणसंही कमी लागू लागली. गावाच्या बाजारावर त्याचा परिणाम झाला, तो कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा.

वडिलांच्या पिढीचं लाडकं इंजिन होतं खेकडा. कागदोपत्री नाव आधी ईएफ-१, नंतर डब्ल्यूसीजी-१. पहिली इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथुरमधून आली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. मध्ये उंच खोली, पुढं-मागं दोन लांबट नाकं, चाकांना जोडणारे लोखंडी दांडे. आल्प्सच्या घाटांत चालणाऱ्या इंजिनांच्या घराण्यातलंच ते. अंग सांध्यांवर वळायचं म्हणून घाटातल्या वळणांत आरामात जायचं. आता बघायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जा. इगतपुरीत त्याच्या नुसत्या गोष्टी उरल्या आहेत, आणि त्या सांगणारे म्हातारेही कमी होत चालले आहेत.

दुसरा थांबा: रेल्वेची वसाहत

फलाटावरून बाहेर आलात की रेल्वेच्या क्वार्टर्सकडं वळा. रस्ता खुला असला तरी घरं राहती आहेत. फाटकातून आत शिरू नका, फोटो काढण्याआधी विचारा.

इथं काळ्या दगडाच्या भिंती बघा, कौलांचा उतार बघा आणि व्हरांडे मोजा. रुंद व्हरांडा आणि भोवती मोकळी जागा असली तर ते साहेबाचं घर. एका ओळीत भिंतीला भिंत लागलेली असली तर ती फिटर, खलाशी, पॉइंट्समन यांची. रेल्वेनं माणसांची जी उतरंड लावली ती घरांवरून अजूनही वाचता येते. इंग्रजी अमदानीत ड्रायव्हर-फोरमन बहुतेक युरोपियन नाहीतर अँग्लो-इंडियन, म्हणून या छोट्या गावात निरनिराळ्या पंथांची चर्चेस उभी राहिली. उन्हाळ्यात मुंबईचे गोरे लोक हवापालटासाठी येत ते वेगळेच.

वसाहत इथंच का? कारण घाटमाथ्यावर इंजिनांना पाणी, कोळसा, दुरुस्ती आणि विश्रांती लागायची. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, पण त्याआधीच जीआयपी या रेल्वे कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली थळ घाटाचा अभ्यास करत होते. या चढणीवरचा त्यांचा निबंध १८५० चा आहे. वायथ्स आणि जॅक्सन हे कंत्राटदार. डोंगरात १३ बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल टाकले. त्यांतला एहेगावचा पूल दरीच्या तळापासून १८२ फूट उंच. सुरुवातीला घाटाच्या मध्ये एक उलट-स्थानक होतं, तिथं गाडी दिशा बदलून पुढं चढायची. घाट १ जानेवारी १८६५ ला वाहतुकीला खुला झाला. बर्कली ते पाहायला राहिले नाहीत. आजारी होऊन इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये गेले.

बर्कलींचं नाव निदान पुस्तकांत आहे. ज्यांनी सुरुंगाची भोकं पाडली, टोपल्या वाहिल्या, त्यांचं नाव कुठंच नाही. त्याच काळात पलीकडं भोर घाटात १८६१ च्या जानेवारीत ४२ हजारांवर माणसं कामाला होती, आणि तिथं पटकीनं मोठ्या संख्येनं माणसं मेली. थळ घाटाचं कामही अशाच हातांनी झालं. बायका, पोरं, सगळं कुटुंबच कामावर. वसाहतीतल्या दगडी भिंतीवरून हात फिरवताना हे आठवावं.

तिसरा थांबा: जुना आग्रा रस्ता आणि बाजार

बाजारपेठेतून जाणारा रस्ता हा जुना मुंबई-आग्रा रस्ता. महामार्ग बाहेरून गेल्यापासून तो गावाच्या वाट्याला आला. पण घाटाची वाट रेल्वेच्याच काय, आग्रा रस्त्याच्याही फार आधीची. सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच खिंडीनं नाशिककडं चढायचा. रेल्वे येईपर्यंत खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून उतरत होता, पावसाळ्यात चिखलात अडकत होता आणि मुंबईला पोचेपर्यंत मळत होता. रेल्वेला हा घाट हवा होता तो मुख्यतः त्या कापसासाठी.

इथं इतिहासाची एक गंमत आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. थळ घाटाची रेल्वे खुली झाली १८६५ च्या पहिल्या दिवशी. एप्रिलमध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतले मोठमोठे सटोडिये बुडाले. ज्या तेजीसाठी सगळ्यांना घाई झाली होती ती घाट पुरा होताच ओसरली. रूळ मात्र राहिले, आणि गावही.

आज कापूस नाही, पण बाजार बघण्यासारखा आहे. उन्हाळ्याच्या शेवटी ठाकर, कातकरी, महादेव कोळी बाया करवंदं-जांभळं पानांच्या द्रोणांत घेऊन बसतात. पहिल्या पावसानंतर कर्टोली, शेवळं, कुर्डूची भाजी. शेवळं विकत घेतलीत तर निवडायची कशी हे त्या बाईलाच विचारा, नाहीतर घसा खाजेल. दिवाळीच्या पुढं नवा तांदूळ येतो. हा तालुका भाताचा, इंद्रायणीचा वास इथं दुकानाबाहेरूनच येतो, आणि शेजारच्या घोटीत भाताच्या गिरण्याच गिरण्या. नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं आणि कांदा आठवतो. तो जिल्ह्याचा पूर्व भाग. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पाऊण-एक तासाच्या अंतरावरच्या नाशिक शहरात त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीची भिंत चढताना इथं रिकामे होतात. पुढं जातो तो उरलासुरला पाऊस.

वेळ असेल तर पिंप्री सदोची चौकशी करा. नावातलं ‘सदो’ म्हणजे सदरुद्दीन. त्या पीराची कबर त्या गावात आहे, आणि मुंबई-नाशिकवाल्यांना पिंप्री सदो माहीत आहे ती फक्त महामार्गावरचा फाटा म्हणून.

चौथा थांबा: धम्मगिरी

स्थानकापासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर टेकडीच्या पायथ्याशी सोनेरी पॅगोडा दिसू लागतो. सत्यनारायण गोएंका मूळचे ब्रह्मदेशातले, १९२४ मध्ये मंडालेला जन्मलेले, व्यापारी घराण्यातले. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं ते विपश्यना शिकले, १९६९ मध्ये भारतात आले आणि गावोगाव शिबिरं घेऊ लागले. कायमची जागा म्हणून इगतपुरीची ही टेकडी निवडली गेली, आणि १९७६ पासून इथं शिबिरं सुरू झाली. पॅगोड्याचा घाट रंगूनच्या श्वेडगॉनवरून घेतलेला आहे. आत एकेकट्यानं बसायच्या छोट्या खोल्या आहेत, त्यांना शून्यागार म्हणतात. गोएंका २०१३ मध्ये गेले, आज जगभर या परंपरेची केंद्रं आहेत.

शिबिरार्थी पहाटे चारला उठतात, दहा दिवस बोलत नाहीत, फोन कार्यालयात जमा करतात. शिकवण्याची, राहण्याची, जेवणाची फी नसते. ज्यांनी आधी शिबिर केलं आहे त्यांच्या दानावर सगळं चालतं. बाहेरून बघायला गेलेल्यांनी माहितीच्या भागापर्यंतच जावं आणि आवाज खाली ठेवावा.

हे इथंच का, या प्रश्नाचं माझं उत्तर भूगोलाच्या बाईचं आहे. मुंबईपासून १३६ किलोमीटर, जवळपास प्रत्येक गाडीला थांबा, तरी डोंगरानं वेढलेलं आणि उन्हाळ्यातही हवा सुसह्य. ध्यानाला एकांत हवा, पण एकांतात पोचायला गाडीही हवी. घाटानं दोन्ही दिलं. इंजिनांसाठी पडलेल्या थांब्यावर आता देशोदेशीची माणसं पाठीवर पिशव्या घेऊन उतरतात. आमचे रिक्षावाले त्यांच्याशी पाच-सहा भाषांत दोन-दोन शब्द बोलतात.

पाचवा थांबा: घाटनदेवी आणि उंटदरी

शेवटचा टप्पा लांबचा. स्थानकापासून जुन्या रस्त्यानं मुंबईच्या दिशेनं सुमारे तीन किलोमीटर, आरामात चालत तासभर. ज्यांना चालवत नसेल त्यांनी रिक्षा करावी.

घाटनदेवी ही घाटाची राखणदार. घाट चढून आलेला बैलगाडीवाला सुखरूप पोचलो म्हणून नारळ फोडायचा, उतरणारा सुखरूप उतरव म्हणून. ट्रकवाले अजून तेच करतात. म्हणजे रेल्वेचं ब्रेक तपासणं आणि देवीपुढं थांबणं ही दोन्ही कामं एकाच भीतीतून आली, आणि मला त्यात काही विसंगत वाटत नाही. वडील दोन्ही करायचे. नवरात्रात इथं मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत शांतपणे बघायला जाऊ नका, जत्राच बघायला जा.

देवळाच्या मागं जाऊन उभे राहा. हवा स्वच्छ असेल तर त्र्यंबक, उतवड, हरिहर हे डोंगर ओळीनं दिसतात. जवळच उंटदरी आणि भातसा नदीच्या खोऱ्याकडं उघडणारी जागा आहे. पावसात दरीत धबधबे सुटतात आणि कठड्याशी गर्दी होते. कठड्याच्या पलीकडं पाय ठेवू नका. शेवाळलेल्या खडकावरून दरवर्षी कुणी ना कुणी घसरतं, आणि त्याला वर काढायला आमच्या तालुक्यातली पोरं दोर घेऊन उतरतात.

माझ्या कागदावर या थांब्यापुढं मी दोन बाण काढते. तुमच्या पश्चिमेला पडलेलं पाणी भातसेत जाईल, पुढं काळू आणि उल्हास नदीतून अरबी समुद्रात. त्यातलं बरंचसं वाटेत भातसा धरणात अडवलं जातं आणि मुंबईच्या नळांना येतं. तुमच्या मागं, पूर्वेला पडलेलं पाणी दारणा नदीत जाईल, दारणेतून गोदावरीत, आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळेल. एकाच ढगातले दोन थेंब, आणि दोन समुद्र. दारणेवरचं धरण १९१६ चं, आणि खालच्या गोदावरी कालव्यांवरचा ऊस आजही त्यावर उभा आहे. मुंबईच्या पाण्यावरून आणि मराठवाड्याच्या पाण्यावरून वर्तमानपत्रांत जी भांडणं वाचता, त्यांचं मूळ तुम्ही उभे आहात त्या माथ्यावर आहे. पाठ्यपुस्तकात जलविभाजक म्हणून एक ओळ असते. मुलांना मी ती ओळ इथं आणून शिकवायची.

पायाखाली आणखी एक गोष्ट आहे, ती दिसत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्यातले जुळे बोगदे सुमारे आठ किलोमीटर लांब आहेत आणि सगळा घाट पोटातून ओलांडतात. मोटार आता काही मिनिटांत खाली पोचते. बैलांच्या तांड्यांची वाट, आग्रा रस्ता, रेल्वे आणि हा बोगदा, प्रत्येक पिढीनं उतार थोडा थोडा पुसला. त्या बोगद्यातून जाणाऱ्याला घाट लागला हेही कळत नाही, ना देवी दिसते ना दरी.

निघण्यापूर्वी

सगळं चालणं आठ-नऊ किलोमीटरांचं. सकाळी लवकर सुरू केलंत तर दुपारच्या जेवणासह दिवसभरात होतं. मुंबईची लोकल कसाऱ्यालाच संपते, तेव्हा पंचवटी, तपोवन यांसारखी घाट चढणारी गाडी धरा, किंवा कसाऱ्याहून जीप. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोंगर स्वच्छ दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात दहा पावलांपुढचं दिसणार नाही. त्या दिवसांत छत्री टिकत नाही, रेनकोट घ्या, तळवा धरणारे बूट घाला. रूळ पायी ओलांडू नका, पूल आहे. एक रात्र राहणार असाल तर दुसऱ्या दिवशी त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याशी असलेलं चौदाव्या शतकातलं जैन लेणं बघा, किंवा कावनईची कपिलधारा.

या पाचांपैकी बहुतेक ठिकाणी माहितीचा फलक नाही. मला त्याची थोडी खंत आहे, पण खूप नाही. डेल्फ्टला प्रत्येक वळणावर पाटी होती आणि पाटी वाचून लोक पुढं सरकत होते. इथं तुम्हाला विचारावं लागेल. रनिंग रूमपाशी उभ्या असलेल्या लोको पायलटला, करवंदवालीला, देवळातल्या गुरवाला. तिघांनाही सांगायला आवडतं, आणि तिघांची इगतपुरी वेगळी आहे.

हा कागद फक्त इगतपुरीचाच असावा असंही नाही. मनमाडकरांनी आपल्या गावाचा करावा, चार दिशांच्या गाड्या तिथंच का जमल्या हे त्यात यावं. भुसावळकरांनी करावा. खोपोलीकरांना तर विषय तयार आहे: लोणावळ्याच्या वरचं पाणी नळांतून खाली सोडून १९१५ मध्ये टाटांनी तिथं वीज केली, म्हणजे आम्ही ज्या उताराशी झगडलो त्याच उताराचे त्यांनी पैसे केले. गावाचं एक कारण शोधा, पाच थांबे ठरवा, हातानं नकाशा काढा, आणि झेरॉक्स काढून स्टेशनवरच्या पेपरवाल्याकडं ठेवा. मला एक प्रत पाठवा, मी चालून बघते. गुडघ्यांचं काय ते मी बघेन.